एका अक्षराचं नाटक

संपादक म्हणाले, "दिवाळी अंक आहे. तुमच्या पत्रकांसारखं लिहू नका, जरा मऊ लिहा." मी बरं म्हटलं. मऊ म्हणजे काय, हे मला टीव्हीवाल्यांनी नीट शिकवलंय. ज्यात कुणाचं गाव ऐकू येत नाही, आणि जे ऐकताना पुण्याच्या माणसाला आपल्याच गॅलरीत बसल्यासारखं वाटतं, ते मऊ. मला ते जमलं नाही. म्हणून तर आता घरी बसून दिवाळी अंकात लिहायला सवड आहे.

आधी माझी लायकी सांगते. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. धारवाडात केलगेरीच्या तळ्याकाठची झाडं तोडली, पत्रक. वाचनालयाची वेळ कमी केली, पत्रक. बसचा थांबा हलवला, पत्रक; परत होता तिथं आणला, तेव्हा 'आधी का हलवला' म्हणून दुसरं पत्रक. एका बाजूला कन्नड, पाठीमागे मराठी. आमच्याकडे दोन्ही बाजू छापाव्या लागतात, नाहीतर अर्धं गाव म्हणतं आम्हाला विचारलंच नाही. या सगळ्यातून समाज किती सुधारला ते विचारू नका. मी मात्र एक गोष्ट शिकले: मोठं रडगाणं एका पानात बसवायचं. आणि त्या एका कौशल्यावर मला नोकरी लागली. नाटकं कापण्याची.

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर एका साडीच्या दुकानाच्या वर एक निर्मितीसंस्था होती. तिला एका मराठी वाहिनीकडून मालिका मिळाली, नाव 'रंगपेटी'. दर आठवड्याला एक अख्खं नाटक. कधी जुनं संगीत नाटक, कधी ऐतिहासिक, कधी गेल्या पिढीतलं दिवाणखान्यातलं. रंगभूमीवरचं सगळं सोनं आता घराघरांत, असं जाहिरातीत होतं. मराठी मालिका कर्नाटकात का करायची, असा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारला. दिग्दर्शक निनाद सर पुण्याहून आलेले. ते म्हणाले, "इथं अस्सल माणसं मिळतात."

अस्सल म्हणजे स्वस्त. छप्पन साली राज्यांच्या सीमा आखल्या, धारवाड-हुबळी कन्नड राज्यात गेली, आणि इथली मराठी घरं होती तिथंच राहिली. शिक्षक, वकील, सरकारी नोकर. दिवसभर कचेरीत कन्नड, घरी आमचं अर्धं-अर्धं, आणि नाटकाच्या तालमीत मात्र छापील पुस्तकातलं मराठी. स्वतःची रजा घालून, स्वतःचं धोतर आणून, चार-चार अंक पाठ करणारी ही माणसं. अशा माणसांना मुंबईत कलाकार म्हणतात. आमच्या संस्थेच्या फायलीत त्यांच्या नावापुढे 'उपलब्ध' असं लिहायचे.

आता धंदा काय असतो ते थोडक्यात. रंगमंचावर नट शेवटच्या रांगेत शेंगा खात बसलेल्या माणसाशी बोलतो. टीव्हीवर कॅमेरा त्याच्या नाकावर येऊन बसतो. तीन तासांचं नाटक जाहिराती वगळून तासाच्या आत आणायचं, आणि तेही असं कापायचं की रक्त दिसता कामा नये. सगळ्यात आधी जायची ती स्वगतं. रंगमंचावर माणूस प्रेक्षकांकडे वळून मनातलं मोठ्यानं बोलतो आणि दोन हातांवर उभ्या बायकोला ते ऐकू येत नाही, याला शंभर वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही. टीव्हीवर तोच माणूस वेडा दिसतो. म्हणून मी स्वगत कापायची आणि सर त्याला खिडकीबाहेर बघायला लावायचे. आमच्या मालिकेत जो जितका विचारी, तो तितका वेळ खिडकीबाहेर बघायचा.

संगीत नाटकाची तऱ्हा वेगळी. नायक होते एक निवृत्त तहसीलदार. त्यांना सांगितलं, पद दीड मिनिटात संपवायचं. ते दुखावले नाहीत, त्यांना फक्त समजलं नाही. "दीड मिनिटात माझा षड्ज लागतो," ते म्हणाले, "गाणं कधी म्हणायचं मग?"

नेपथ्यात आमच्याकडे एक दार होतं. हुबळीच्या कमरीपेठेतल्या सुतारानं केलेलं, भक्कम, कुरकुर न करणारं. सामाजिक नाटकात ते पिवळं, गडावर काळं, महालात हार घातलेलं. 'रंगपेटी'त सर्वांत जास्त भूमिका त्या दारानं केल्या आणि एकदाही वाक्य विसरलं नाही. बाहेरचं चित्रण सगळं केलगेरीच्या तळ्यावर. एका आठवड्यात ते यमुना झालं, पुढच्याच आठवड्यात कोकणचा समुद्र. एका प्रेक्षकानं फोन करून विचारलं, दोन्हीकडे म्हैस एकच आहे काय? मी म्हटलं, होय, तीही अस्सल आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. अक्कांचं नाटक आलं आणि हसणं बंद झालं.

त्या नाटकाचं नाव सांगत नाही. नाटककाराचे नातू आहेत आणि त्यांना आजोबांची आठवण वकिलाच्या कचेरीतच येते. गोष्ट साधी आहे. एक विधवा आई, एक मुलगा. मुलगा नोकरीसाठी कोर्टात खोटी साक्ष देतो आणि त्याचा निरपराध मित्र तुरुंगात जातो. तिसऱ्या अंकात आईला सगळं कळतं. मुलगा पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "आई, जाऊ?" आई म्हणते, "जा." पडदा. एक अक्षर. त्या एका अक्षरावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आई नाळ कापते, वगैरे.

धारवाडात ही आई करायच्या सुमित्राक्का. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. शाळेत शिक्षिका होत्या. आईची भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा आई शोभायचंही वय नव्हतं, आणि मालिका आली तेव्हा आजी शोभायचंही उलटून गेलं होतं. त्या मला कधी नावानं बोलवत नाहीत. "ये गं पत्रक," म्हणतात. मी एकदा त्यांना सीमाप्रश्नावर मुलाखत मागितली होती. मला वाटलं, ज्वलंत काहीतरी मिळेल. त्या म्हणाल्या, "राज्य बदललं, घर तिथंच होतं. आम्ही काय करायचं होतं? पलंग उचलून न्यायचा होता काय?"

तर पहिल्याच प्रयोगात अक्कांची चूक झाली. मुलगा म्हणाला, "आई, जाऊ?" आणि अक्का म्हणाल्या, "जाऊन ये."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे निघालेल्या माणसाला नुसतं 'जा' म्हणत नाहीत. तुमच्याकडेही निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, पण त्यावर तुमचं भागतं. आमच्याकडे निरोप देणाऱ्यालाही पथ्य आहे. कन्नडमध्ये 'होगि बा', मराठीत त्याचंच 'जाऊन ये'. शाळेला जाणाऱ्या पोराला, सासरी जाणाऱ्या मुलीला, आणि भांडून 'परत तोंड दाखवू नको' असं बजावल्यावर पायरी उतरणाऱ्या भावालासुद्धा. अर्थ बघायचा नसतो. तोंडाला सवय असते.

पण त्या प्रयोगात अर्थ लागला. आईनं अंकभर मुलाला सोलून काढलेलं, त्याचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलेलं, आणि शेवटी तिच्या तोंडून हे. म्हणतात, पडदा ओढणाराच आधी रडला, म्हणून पडदा उशिरा पडला. तेव्हापासून पुस्तकात 'जा' आणि धारवाडात 'जाऊन ये'. नाटककाराला कुणी कळवलं नाही. कळवून काय, ते पुण्याला राहायचे.

या सगळ्या प्रयोगांचं काहीही शिल्लक नाही. ध्वनिफीत नाही, चित्रफीत नाही. एक फोटो आहे, त्यात अक्कांच्या पुढे दिगंबर वकील उभे आहेत. हे वकील नाटकात मुलगा व्हायचे. अक्का आई झाल्या तेव्हा हे मुलगा झाले आणि मग हटलेच नाहीत. मालिकेसाठी बोलावल्यावर पहिल्या दिवशी अक्का आमच्या चित्रणाच्या शेडमध्ये आल्या, मायक्रोफोनकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "हे राहतंय काय गं?"

"राहतं की, अक्का."

"आवाजासकट?"

"आवाजासकट."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "तोंडाचं एवढं काय नाही. आवाज राहायला पाहिजे."

वकीलसाहेबांचा मामला त्याच दिवशी निकालात निघाला. साठीचे वकील, केस काळे केलेले, पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आई, जाऊ?" निनाद सरांनी बराच वेळ मॉनिटरकडे बघितलं. मग फार प्रेमानं म्हणाले, "सर, तुम्ही यातले वडील का नाही करत?"

"यातले वडील मेलेत," वकील म्हणाले.

"तेच म्हणतोय."

अशा रीतीनं वकीलसाहेब मालिकेत आले, भिंतीवर, फ्रेममध्ये, हारासकट. मुलाच्या भूमिकेला मुंबईहून पिळदार दंडांचा एक तरुण आणला. तो अक्कांना 'आँटी' म्हणायचा आणि 'साक्ष' हा शब्द उच्चारताना कुणीतरी त्याचा पाय तुडवल्यासारखं तोंड करायचा. त्याच्या उच्चारांबद्दल मात्र शेवटपर्यंत कुणी तक्रार केली नाही. तो अस्सल नव्हता ना.

शेवटच्या प्रवेशाचं चित्रण. कॅमेरा अक्कांच्या चेहऱ्यावर. मुलगा विचारतो, अक्का म्हणतात, "जाऊन ये."

"कट! अक्का, 'जा'. फक्त 'जा'."

"होय की," अक्का म्हणाल्या. परत तयारी. मुलगा विचारतो. अक्का: "जाऊन ये."

"अक्का, तुम्ही त्याला हाकलताय."

"हाकलतेच आहे की."

"मग 'ये' कशाला?"

"अहो, हाकलायचं ते हाकलायचंच. पण जाणाऱ्या माणसाला नुसतं 'जा' म्हणून कसं सोडायचं?"

"तो गुन्हेगार आहे, अक्का!"

"असू दे की. रस्ता काय गुन्हा विचारून लागतो काय?"

सर दमले. ते आमच्या ध्वनिमुद्रकाकडे वळले. मंजू हुबळीचा, घरी कन्नड, बाहेर सगळं. "मंजू, तुमच्यात काय म्हणतात?"

"होगि बा, सर."

"म्हणजे?"

"जाऊन ये."

"आणि कायमचं घालवायचं असेल तर?"

मंजूनं हेडफोन काढून प्रामाणिकपणे विचार केला. "होगि बाच म्हणायचं, सर. पण तोंड तिकडं करून."

सर चिडके नव्हते, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय. त्यांनी अक्कांना पाणी दिलं, बसवलं, समजावून सांगितलं. हनुवटी सरळ. डोळे न मिटता. एक अक्षर, आणि त्याच्यामागे श्वास बंद. अक्कांनी मान डोलावली. शाळेत पोरांना शिकवतात तसं सरांनी चार वेळा म्हणून दाखवलं: "जा. जा." मुलानं विचारलं, "आई, जाऊ?"

"जा," अक्का म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटून घेतले. मंजूनं अंगठा वर केला. आणि अक्कांच्या तोंडून पुढचं आलं, "...ऊन ये."

मी आनंदानं वेडी झाले. मला स्पष्ट दिसलं की हा सत्याग्रह आहे. पुण्याच्या छापील अक्षराविरुद्ध एका सीमाभागातल्या बाईनं, वगैरे. मजकूर डोक्यात जुळायलाही लागला. मी अक्कांना बाजूला घेऊन अभिनंदन केलं. त्या रागावल्या.

"कसला सत्याग्रह? मी त्या माणसाचा एवढा वेळ घालवायलेय, मलाच कसंतरी व्हायलंय. 'जा' म्हणायला जाते आणि बाकीचं मागनं येतंय. शिंक आल्यासारखं."

मी मनात म्हटलं, व्वा, किती धोरणी! विश्वास ठेवला नाही. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याची सवय दिसत नाही, भूमिका तेवढी दिसते.

सर म्हणाले, संकलनात बघू. संकलन म्हणजे चित्रित तुकडे जोडून-तोडून गोष्ट बनवण्याची खोली. चित्रणात जे जमत नाही ते सगळं तिथं जमेल, या श्रद्धेवर टीव्ही चालतो. 'जा' ठेवून पुढचं कापलं तर? कापलं. पण 'जाऊन' म्हणताना 'जा' सुटा पडत नाही, ओठ आधीच 'ऊ'कडे निघालेले असतात. पडद्यावर अक्का आईच्या दुःखाचा कळस गाठून शीळ घालायच्या बेतात दिसत होत्या. पुन्हा चित्रण करायचं तर दार कमरीपेठेत परत गेलं होतं, पुढच्या आठवड्याच्या गडासाठी काळं व्हायला. दंडवाला मुलगा मुंबईला गेला होता.

मग वाहिनीनं तो भाग पाहिला आणि प्रश्नच सोडवला. निरोप आला: आईचा आवाज ग्रामीण वाटतो. शहरी प्रेक्षक जोडला जाणार नाही. अक्कांचा अख्खा भाग मुंबईच्या कलाकाराकडून डब करून घ्या.

डब म्हणजे चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. गंमत बघा. धारवाडात जन्मभर राहिलेली, पदवीधर, दोन भाषा शिकवलेली बाई ग्रामीण. आणि 'साक्ष' म्हणताना पाय तुडवल्यासारखं करणारा तो शहरी. मी सरांशी भांडले. ते म्हणाले, "तुमचं सगळं खरं आहे. पण वाहिनी त्यांची आहे." हे वाक्य नोकरीत असलेल्या माणसाला कायम तयार ठेवावं लागतं. त्यात काही चूक नसते, हीच त्याची सोय.

अक्कांना सांगायला मीच गेले. त्या भाजी निवडत होत्या.

"म्हणजे तोंड माझं आणि बोलणार दुसरी?"

"होय, अक्का."

त्यांनी दोन-तीन काड्या निवडल्या. "उलटं केलं असतं तरी चाललं असतं गं," त्या म्हणाल्या. "तोंड त्या बाईचं घ्यायचं होतं. माझ्याहून बरंच असेल." मग मला म्हणाल्या, "तू काही करू नको हं."

मी अर्थातच केलं. कमरीपेठेत पत्रक छापलं. वर जाड अक्षरात 'जाऊन ये!', खाली बारीक अक्षरात अक्कांवरचा अन्याय, त्याखाली शेडचा पत्ता. कोप्पीकर रोडवर स्वतः वाटलं. दुसऱ्या दिवशी शेडवर माणसं आली. पहिले दोघे काशीयात्रेची चौकशी करायला आले. जाड अक्षरात 'जाऊन ये' आणि खाली पत्ता, त्यांना सहलीची जाहिरात वाटली. माझ्या पत्रकाला मिळालेला तो सर्वांत मोठा प्रतिसाद. त्यानंतर मराठीचा अपमान सहन करणार नाही म्हणून एक मंडळ आलं. मग 'जाऊन ये' हे मुळात आमचं 'होगि बा' आहे, तसं श्रेयनामावलीत लिहा, म्हणून दुसरं मंडळ आलं. दोन्ही मंडळं एकमेकांना ओळखत होती, एकाच बाकावर बसून चहा प्याली, आणि आवाज अक्कांचा ठेवावा की नाही यावर कुणाचंच काही मत नव्हतं. वकीलसाहेबांनी दोघांनाही कायदेशीर सल्ला दिला.

अक्कांनी मला बोलावून घेतलं. "नको म्हटलं होतं की नाही? आता गावात मला विचारायलेत, अक्का, काशीला कधी निघायचं."

डबिंगला मला सरांबरोबर मुंबईला पाठवलं. ओठ हलतात तेवढ्या वेळात शब्द बसवायचे असतात, आणि शब्द कापणारी मीच. म्हणजे अक्कांचा आवाज काढून घेण्याच्या कामावर देखरेखही माझीच. असला विनोद पत्रकात लिहिला तर लोक खोटं म्हणतील.

काचेपलीकडे जी बाई उभी होती तिचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. तो साबण विकतो, कुकर विकतो, आणि फोन लागत नाही तेव्हा दिलगिरी व्यक्त करतो. मी तिचा द्वेष करायची पूर्ण तयारी करून गेले होते. पण ती बाई कामाला पक्की निघाली. अक्कांचा प्रत्येक श्वास तिनं बघितला. तिसऱ्या अंकापर्यंत सगळं सुरेख बसलं. इतकं सुरेख की त्यात धारवाड औषधालाही राहिलं नाही.

शेवटची ओळ आली. ती म्हणाली, "जा." पडद्यावर अक्कांचे ओठ पुढं हलतच राहिले. "जा रे, जा" करून बघितलं. ओठ 'ये'वर उघडलेले, हे 'जा'वर. शेवटी मी म्हटलं, "त्या म्हणतात तेच म्हणा." ती म्हणाली, "जाऊन ये." आणि ते मुलाला कोथिंबीर आणायला पाठवल्यासारखं झालं. तिनं परत म्हटलं. आता मुलगा परदेशी शिकायला निघाला. परत म्हटलं. आता तो लढाईवर.

तिनं हेडफोन काढला आणि विचारलं, "मला एक सांगा. या बाईंना तो परत यायला हवाय का नकोय?"

इतके दिवस ज्यांना एक अक्षर हवं होतं ते निनाद सर पडद्यावरच्या अक्कांकडे बघत बसले. मूळ ध्वनी लावायला सांगितला. अक्कांचा आवाज आला: जरा बसलेला, 'ऊ'वर किंचित अडकलेला, 'ये' जवळजवळ घशातच राहिलेला.

"एवढं ओरिजिनल राहू दे," सर म्हणाले.

"वाहिनीला कळेल," मी म्हटलं.

"कळू दे," ते म्हणाले. आणि मग, बहुतेक स्वतःलाच, "नाहीतरी त्यांना ऐकू काय येतं."

पत्रकात असतं तर मी याला विजय म्हटलं असतं. एका अख्ख्या नाटकापैकी एक ओळ मिळाली, याला विजय म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

भाग लागला त्या दिवशी अक्कांच्या पुढच्या खोलीत गल्ली जमली. वकीलसाहेब आपल्याच हार घातलेल्या फोटोसमोर बसले होते. अक्का पडद्यावर आल्या, तोंड उघडलं, आणि साबणवाली बाई बोलायला लागली. खोलीत चुळबुळ झाली. शेजारच्या इंदूमावशी म्हणाल्या, "अक्का, घसा बरा झाला की तुझा!" अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसं बघत होत्या. आपलेच हात, आपलाच पदर, आणि बोलणारी परकी. मला तिथं बसवेना.

शेवटी मुलानं विचारलं, "आई, जाऊ?"

"जाऊन ये."

एवढंच. पण खोलीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. इतका वेळ गुळगुळीत वाहणारं बोलणं, आणि शेवटी ही खरखर. वकीलसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. हार घातलेल्या माणसाला ते शोभलंही.

"आली बघ," अक्का म्हणाल्या.

"कोण, अक्का?" मी विचारलं.

"मीच की."

प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या म्हणे. शेवटच्या वाक्याला ध्वनीत बिघाड आहे. पुनःप्रक्षेपणात वाहिनीनं नेमक्या त्या जागी खाली पट्टी सोडली: 'तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व'. अक्कांच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल एका संस्थेनं जाहीरपणे काढलेले हे एकमेव उद्गार.

थोड्याच दिवसांत 'रंगपेटी' बंद झाली आणि त्या जागी पाककृतींची स्पर्धा आली. तिथं मात्र अस्सल गावाकडचा आवाज हवा होता, मसाल्याला चव येते म्हणून. संस्थेनं कोप्पीकर रोडवरची जागा सोडली. दार कमरीपेठेतल्या सुतारानंच परत घेतलं, आणि आता ते कुणाच्या तरी घराला आहे.

निनाद सर पुण्याला निघाले. अक्का म्हणाल्या, पोचवायला जायचं. मी म्हटलं, मी येणार नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग डबा कोण धरणार? म्हणून गेले. धारवाडहून हुबळी स्टेशनपर्यंत बसमध्ये मी ठरवत होते. या माणसानं एक अक्षर काढून घेण्यासाठी अक्कांना किती छळलं. आता तेच अक्षर मी त्याला देणार, अगदी त्यानं शिकवलं तसं. हनुवटी सरळ, डोळे न मिटता, मागे श्वास बंद. अक्कांना नको होतं म्हणून त्यांनी म्हटलं नाही. मला हवं आहे, मी म्हणणार. खिडकीकडे तोंड करून मी दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. झकास जमत होतं.

फलाटावर मंजू आधीच आलेला. सर डब्याच्या दारात उभे. अक्कांनी भाकरी-चटणीचा डबा वर दिला आणि म्हणाल्या, "जाऊन या हं, सर."

"येतो, अक्का," सर म्हणाले. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. "पत्रक, येतो."

गाडी हलली. मी हनुवटी सरळ केली.

"जा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. माझ्या मनासारखं झालं होतं. तिथंच तोंड मिटायचं होतं मला, देवाशपथ. पण ओठ आपले आपण पुढं निघालेले.

"...ऊन या."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मागून मंजू म्हणाला, "टेक ओके."